१२ ते १५ वयाच्या मुलांना सहा रविवारांत सुतारकाम: कोणती वस्तू, कोणतं लाकूड, किती हत्यारं?

कट्टेकरी

नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या युवा गटात १२ ते १५ वयाची १४ मुलंमुली आहेत. दिवाळीनंतरचे सहा रविवार, दर वेळी अडीच तास, त्यांना हाताच्या हत्यारांनी सुतारकामाची ओळख करून द्यायची आहे. विजेची हत्यारं मुलांच्या हातात द्यायची नाहीत हे नक्की. शाळेचा एक वर्ग आणि त्यातली बाकं वापरायला मिळतील. वाइस (लाकूड आवळून धरायचा शिकंजा) किंवा सुताराचं टेबल नाही. आम्ही तिघं मोठे असू, आणि गावातले एक जुने सुतार यायला तयार आहेत.

पहिल्यांदा कोणती वस्तू घ्यावी? पक्ष्यांचं घर करा असं बरेच जण सुचवतात. लाकूड कोणतं आणि किती? हत्यारं किती नग घ्यावीत? आणि मुलांचं नेमकं कुठे चुकतं, म्हणजे आम्ही तिथे आधीच उभे राहू?

गुण्या

पक्ष्यांचं घर पहिलं काम म्हणून नको. त्यात सहा तुकडे असतात, दोन तिरके कापायचे असतात आणि सगळे एकमेकांना चिकटून बसावे लागतात. एक तुकडा वाकडा कापला गेला की बाकीचे पाच बसत नाहीत, मग मोठी माणसं हात घालतात आणि मूल बाजूला उभं राहतं.

माझ्या मते पाट घ्या. जेवायला बसायचा साधा पाट. दोन फळ्या, खाली दोन रिपा म्हणजे लाकडाच्या अरुंद पट्ट्या, आठ स्क्रू. कापणं, रंधणं (रंध्याने तासून सपाट करणं), भोक पाडणं, जोडणं, घासणं, तेल लावणं ही सहाही कामं त्यात येतात. फळी अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लहानमोठी झाली तरी पाट होतोच, आणि घरात तो रोज वापरला जातो.

पण पाटाला तिसऱ्या रविवारी हात लावा. पहिला रविवार फक्त आखणं आणि कापणं. मुलांना लगेच वस्तू हवी असते, तरी हा दिवस वाचवू नका. जे मूल पहिल्या दिवशी रेघेवर कापायला शिकत नाही, त्याचं पुढचं प्रत्येक काम बिघडतं.

पहिल्या दिवसाचा सराव असा. २ इंच रुंद आणि १ इंच जाड पाइनची रीप, साधारण फूटभर, प्रत्येकाला एक. रिपेची एक सपाट बाजू आणि तिला लागून असलेली एक सरळ कड निवडून दोन्हींवर पेन्सिलीने खूण करायची. गुण्या म्हणजे काटकोन आखायचं हत्यार, त्याचा दांडा नेहमी या दोन बाजूंपैकीच एकीला टेकवायचा. दर अर्ध्या इंचावर एक अशा दहा रेघा, आणि प्रत्येक रेघ चारही बाजूंनी फिरवून आणायची. चौथी रेघ पहिलीला नेमकी भेटली नाही, तर मुलाने मधेच दांडा दुसऱ्या कडेला टेकवलाय किंवा रीपच वाकडी आहे. हे त्याला स्वतः शोधू द्या.

गुण्ये आदल्या दिवशी तपासा. फळीच्या सरळ कडेला गुण्या टेकवून एक रेघ, मग तो पालथा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ. दोन्ही एकमेकींवर पडल्या तर गुण्या बरोबर. फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. नव्या स्वस्त गुण्यांतही हे निघतं, आणि मग दोष मुलाच्या हाताला दिला जातो.

कापताना सगळ्यात जास्त होणाऱ्या चुका:

– रेघेवरच कापतात. पातं एक ते दीड मिलिमीटर लाकूड भुशात घालवतं, त्यामुळे रेघेच्या टाकाऊ बाजूने कापायचं आणि रेघ शिल्लक ठेवायची. टाकाऊ बाजूवर आधी फुली मारून घ्या, म्हणजे गोंधळ होत नाही.

– सुरुवातीलाच जोराने पुढे रेटतात. करवत उडी मारते आणि डाव्या अंगठ्यावर येते. बहुतेक जखमा इथेच होतात. आधी लांबच्या कडेवर दोन-तीन वेळा करवत नुसती मागे ओढून खाच पाडायची, मगच पुढे ढकलायची.

– मूठ आवळतात. तर्जनी पात्याच्या दिशेने सरळ ठेवली की मूठ आपोआप सैल पडते.

– कोपर बाहेर जातं. मनगट, कोपर आणि खांदा एका ओळीत, पात्याच्या बरोबर मागे हवेत. कोपर फाकलं की काप हमखास तिरका जातो. मूल मग मनगट पिळून तो सरळ करू बघतं, आणि पातं अडकतं.

जोडीतल्या एकाने कापायचं, दुसऱ्याने समोरून फक्त पातं उभं आहे का ते बघून सांगायचं. बघणाऱ्यालाही चूक कळायला लागते, म्हणून सात जोड्यांना सात करवती पुरतात. दहाही तुकड्यांवर क्रमाने आकडे घालून ठेवा. पहिला आणि दहावा शेजारी ठेवले की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या रविवारी बेंच हुक करा, वाइस नसल्याने तुम्हाला तो लागणारच. १२ मिमी प्लायचा १० × ६ इंचांचा तुकडा घ्या. एका टोकाला वरच्या बाजूने आणि दुसऱ्या टोकाला खालच्या बाजूने दीड इंच रुंदीची एकेक रीप फेविकॉल लावून बसवा. खालची रीप टेबलाच्या कडेला अडते, वरच्या रिपेला लाकूड टेकवून कापायचं. वरची रीप सहाऐवजी पाच इंचच ठेवा आणि उजवीकडे इंचभर मोकळं सोडा, म्हणजे काप संपताना पातं प्लायवर उतरतं, टेबलावर नाही. या रिपांना खिळा किंवा स्क्रू मारू नका. कधीतरी करवत त्यावर जाते आणि दात मोडतात. फेविकॉल लावून क्लॅम्पने आवळून ठेवा आणि पुढच्या रविवारीच वापरा.

वखारवाला

लाकडाचं सांगतो. पाटासाठी सिल्व्हर ओक किंवा पाइन. दोन्ही हाताच्या करवतीला मऊ आहेत आणि वखारीत सहज मिळतात. पाइन निवडताना गाठी बघा. कडेला गाठ असलेली फळी बाजूला काढा, कारण रंधा गाठीवर अडकतो आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. आंबा स्वस्त पडतो, पण त्याची रेषा, म्हणजे लाकडातल्या तंतूंची दिशा, फिरलेली असते. एका बाजूने रंधलं तरी मधेच उपटतं, आणि ओला आंबा महिन्याभरात वाकतो. बाभूळ मुलांच्या हाताला फार कठीण. सागवान उत्तम लाकूड आहे, पण ते हत्यारांची धार लवकर उतरवतं आणि एक फळी वाया गेली तरी जीव हळहळतो. शिकताना ती भीती नको. एमडीएफ अजिबात आणू नका. त्याला रेषाच नसते, म्हणजे शिकण्यासारखं काही उरत नाही, आणि घासताना उडणारी बारीक धूळ बंद वर्गात छातीला वाईट.

हिशोब १४ पाटांचा. एका पाटाला १५ इंच लांब आणि ५ इंच रुंद अशा दोन फळ्या, आणि १० इंच लांब, २ × १ इंचाच्या दोन रिपा. म्हणजे ५ इंची फळी ३५ फूट आणि रीप साडेतेवीस फूट. काप, गाठी आणि चुका धरून फळी ४० फूट आणि रीप २७ फूट घ्या. घनफुटात धरलं तर इंची जाडीने दोन घनफुटांच्या आतच बसतं. पहिल्या दिवसाच्या सरावाच्या रिपा आणि बेंच हुकच्या रिपा याशिवाय.

वखारीतून फळी एका बाजूने रंधून आणि एक कड सरळ करून घ्या. चारही बाजू मुलांकडून हाताने रंधून घ्यायच्या म्हटलं तर सहा रविवार त्यातच जातील. घेतल्यावर किमान दोन आठवडे त्याच वर्गात, मधे पट्ट्या घालून, हवा खेळेल अशी रचून ठेवा. वखारीतून आणून त्याच दिवशी कापली तर मागाहून पिळ पडतो.

पॅकिंगची खोकी आणि पॅलेट फुकट मिळतात, पण शिक्का बघून घ्या. गव्हाच्या लोंबीच्या चिन्हाशेजारी एचटी असेल तर लाकूड उष्णतेने शेकलेलं आहे, ते चालेल. एमबी असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड वायूची प्रक्रिया झाली आहे. ते मुलांपुढे आणू नका. शिक्का नसेल तर ते खोकं काय काय वाहून आलंय ते कळत नाही, सोडून द्या. चांगल्या फळीवरूनही लोहचुंबक फिरवल्याशिवाय ती मुलांकडे देऊ नका. तुटलेला खिळा वरून दिसत नाही आणि एका झटक्यात करवतीची धार जाते.

कट्टेकरी

फारच उपयोगी. आणखी तीन गोष्टी. बाकं हलतात, त्यावर रंधणार कसं? आमचे सुतारकाका आयुष्यभर जमिनीवर बसून, लाकूड पायाने धरून काम करत आले. ते तसंच शिकवतील. आणि पटाशी (लाकूड तासायची धारदार छिन्नी) द्यावी की नाही? काकांचं म्हणणं, पटाशीशिवाय सुतारकाम कसलं.

कार्यशाळा_निदेशक

बाकं भिंतीला टेकवा, कापायची दिशा भिंतीकडे ठेवा आणि दोन बाकं सुंभाने एकमेकांना बांधा. हलणारं बाक निम्मं बळ खातं आणि काप वाकडा करतं. उंची मुलाने हात सरळ खाली सोडल्यावर मनगट जिथे येईल तेवढी, १२-१३ वर्षांना साधारण ७० ते ७५ सेंटिमीटर. बुटक्या मुलांना पायाखाली फळी द्या. बाक उंच असेल तर खांदे वर चढतात आणि करवतीवर वजन येत नाही.

रंधण्यासाठी बाकावर पुढच्या टोकाला १२ मिमी जाडीची एक आडवी पट्टी दोन जी-क्लॅम्पने बांधा आणि फळी तिला टेकवा. ही आडपट्टी फळीहून पातळच हवी, नाहीतर रंध्याचं पातं तिच्यावर आपटतं.

काकांना जमिनीवर बसूनच करून दाखवू द्या. पायाच्या पकडीत लाकूड वळवत काम करणं बघण्यासारखं असतं, आणि आपल्याकडची ती खरी पद्धत आहे. मुलांना मात्र तशी पकड देऊ नका. ती अंगात मुरायला वर्षं लागतात आणि तोवर हत्यार पायाच्या दिशेने चालतं. नियम एकच सांगा: लाकूड आधी पक्कं धरायचं, मगच हत्यार उचलायचं.

रंध्याबद्दल. दोनच रंधे आणा, पण दोन्हींना उत्तम धार हवी. धार आदल्या दिवशी तुम्ही लावा. बोथट रंधा घेऊन शिकवण्यापेक्षा त्या दिवशी रंधणं नसलेलं बरं. पातं इतकंच बाहेर काढा की छिलका कागदासारखा पातळ निघेल. तळाला मेणबत्ती फिरवा, हाताचा त्रास निम्मा होतो. फळीच्या कडेवरची रेषा बघून, ती ज्या बाजूला वर चढत जाते त्या दिशेने रंधायचं. उलट रंधलं तर लाकूड खवल्यासारखं उपटतं. मुलांना दोन्हीकडून एकेक हात मारून आवाज ऐकू द्या. बरोबर दिशेला सळसळ होते, उलट्या दिशेला खरखर. सुरुवातीला दाब पुढच्या हाताने, शेवटी मागच्या हाताने. नाहीतर दोन्ही टोकं खाली उतरतात आणि फळी मधे फुगते. फळीच्या टोकाची बाजू रंधायची तर दोन्ही कडांकडून मध्यापर्यंतच या. सरळ पार गेलात तर शेवटी कोपऱ्याची ढलपी उडते.

पटाशीबद्दल माझं मत: सहा रविवारांत, चौदा जणांना, नको. एका वेळी चारहून जास्त मुलं पटाशीवर असतील तर मोठ्या माणसाची नजर पुरत नाही.

वखारवाला

इथे थोडं वेगळं म्हणतो. पंधराच्या आसपासच्या मुलांना शेवटच्या दोन रविवारी काकांसोबत चार-चारच्या गटाने बसवा, आणि दोन रिपा एकमेकींत निम्म्या-निम्म्या बसतात तो सांधा करू द्या. २ × १ ची रीप, खाच २ इंच रुंद आणि अर्धा इंच खोल. दोन्ही बाजूंनी करवतीने कापायचं, मधे आणखी तीन-चार काप घ्यायचे, मग पाऊण इंची पटाशी आणि लाकडी मोगरीने ते तुकडे काढायचे. एका बाजूने निम्म्यापर्यंतच यायचं, मग रीप फिरवायची. एकाच बाजूने पार केलं तर पलीकडची कड फुटते. खिळा नाही, स्क्रू नाही, तरी दोन लाकडं घट्ट बसतात, हे मुलांनी हातात घेऊन बघायलाच हवं.

कार्यशाळा_निदेशक

चार जण, सोबत काका आणि रीप क्लॅम्पने बाकाला आवळलेली असेल तर मान्य. रीप जमिनीवर पायाखाली नको. दोन्ही हात कायम धारेच्या मागे. पटाशी एका हाताने आणि लाकूड दुसऱ्या हाताने धरलेलं दिसलं की काम तिथेच थांबवा. धार ३० अंशांची आणि इतकी की पाइनच्या टोकावरून पातळ पापुद्रा निघेल. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि ती जोरानेच निसटते.

गुण्या

पाचव्या रविवारची जोडणी नीट सांगतो, कारण पाट बिघडतो तो इथे.

८ नंबरचा, सपाट डोक्याचा स्क्रू घ्या, लांबी सव्वा इंच म्हणजे ३२ मिमी. दीड इंची घेण्याचा मोह होतो, पण आकडे बघा. रीप रंधून २२ मिमी राहते, फळी १८. ३८ मिमीचा स्क्रू फळीत १६ मिमी शिरतो, वर उरतात २ मिमी. डोकं लाकडात जरा जास्त आवळलं की टोक बसायच्या बाजूने डोकावतं. ३२ मिमीचा स्क्रू १० मिमी धरतो. आठ स्क्रू आणि वर फेविकॉल, पाटाला तेवढं पुरतं. स्क्रू खालून, रिपेतून फळीत.

रिपेला आरपार ४.५ मिमीचं भोक, आणि डोकं बुडेल इतका तोंडाशी उतार. फळीत २.५ मिमीचं, फक्त ८ मिमी खोल. ड्रिलच्या पात्याला ८ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळा, पट्टी लाकडाला टेकली की थांबायचं. रिपेतलं भोक मोठं का, हे मुलांना जरूर दाखवा. दोन्हीकडे २.५ मिमीचंच भोक पाडलं तर स्क्रूचे आटे रिपेतही धरतात, आणि रीप व फळी यांत राहिलेली फट कितीही आवळलं तरी मिटत नाही. एक जोडी तशी मुद्दाम करून ठेवा. हाताने फिरवायचं गिअरचं ड्रिल दोन नग पुरतं. एकाने फिरवायचं, दुसऱ्याने बाजूला गुण्या उभा धरून ड्रिल सरळ आहे का ते बघायचं.

स्क्रूच्या आट्यांना साबण घासा. स्क्रूड्रायव्हर २ नंबरचा, स्क्रूच्या चौफुलीत नीट बसणारा. लहान नंबरचा वापरला की चौफुली झिजते आणि स्क्रू ना आत जातो ना बाहेर येतो.

दोन फळ्यांमध्ये दोन सुतांची फट ठेवा. आवळताना मधे ६ मिमी प्लायची पट्टी घाला, नंतर काढून घ्या. लाकूड आडवं फुगतं आणि आक्रसतं, उभ्या लांबीत जवळजवळ नाही. पावसाळ्यात फळी रुंद होते आणि उन्हाळ्यात परत अंग चोरते, रीप मात्र तिच्या लांबीत तेवढीच राहते. १० इंची एकच फळी रिपेला पूर्ण चिकटवली तर मे महिन्यात ती मधोमध तडकते. ५ इंचांच्या दोन फळ्यांमध्ये हालचाल विभागली जाते आणि फट ती सामावून घेते. म्हणून फेविकॉलसुद्धा प्रत्येक फळीच्या रुंदीच्या मध्यावर, रुपयाएवढाच लावा.

शेवटचे स्क्रू आवळायच्या आधी दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले की पाट काटकोनात आहे. तयार पाट फरशीवर डुगडुगत असेल तर ८० नंबरचा पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर ठेवून फरशीवर चिकटवा आणि पाट त्यावर घासा. उंच रीप आपोआप उतरते.

ताई_नाशिककर

हत्यारांची आणि सुरक्षेची भर घालते. सात जोड्यांना: १२ इंची पाठीची करवत, म्हणजे पात्याच्या वरच्या कडेला जाड पट्टी असलेली, ७ (इंचाला १२ ते १४ दात), ६ इंची गुण्या ७, जी-क्लॅम्प १४, स्क्रूड्रायव्हर ७, डोळ्यांचे चष्मे १४ आणि पाहुण्यांसाठी जादा ३. रंधे २, ड्रिल २, २.५ आणि ४.५ मिमीची पाती तीन-तीन, कारण बारीक पातं मुलांच्या हातून मोडतंच. पॉलिश पेपर ८०, १२० आणि १८०. सगळं विकत घ्यायच्या आधी जवळच्या माध्यमिक शाळांत विचारा. पाबळच्या विज्ञान आश्रमाने सुरू केलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आठवी ते दहावीला ज्या शाळांत चालतो, तिथे कार्यशाळा असते आणि रविवारी हत्यारं मोकळी असू शकतात.

ओढणी काढून ठेवायची किंवा कमरेला खोचायची, केस बांधायचे, बांगड्या आणि अंगठ्या काढायच्या, पायात बूट. चपला चालणार नाहीत. रंधा निसटला तर पायावरच पडतो. करवत हातात घेऊन वर्गात फिरायचं नाही, काम थांबलं की ती बाकावर, दात आपल्यापासून लांब. कापलं तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाब, मधेच उघडून बघायचं नाही. कुसळासाठी बारीक चिमटा आणि भिंग ठेवा. पालकांच्या संमतीपत्रात धनुर्वाताची लस कधी घेतली ते विचारून ठेवा.

शेवटच्या दिवशी जवसाचं तेल लावणार असाल तर एक गोष्ट अगदी काटेकोर पाळा. तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून डब्यात किंवा कचऱ्यात टाकायच्या नाहीत. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. बोळ्यात ती अडकते आणि काही तासांनी चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या तिथल्या तिथे पाण्यात बुडवा, किंवा बाहेर मोकळ्या जागी एकेक पसरून पूर्ण वाळवा. शाळेचा वर्ग रविवारी संध्याकाळी बंद होणार, म्हणून हे काम मुलांवर सोडू नका. तेल पातळ हात लावून पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या. न पुसलेलं तेल चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते. कच्चं तेल वाळायला आठवडा किंवा जास्तही लागतो, तोवर पाट बसायला घेऊ नका, हे घरी कळवा.

कट्टेकरी

मनापासून आभार. पाट नक्की, पटाशी मोठ्या चौघांना काकांसोबत. आमच्याकडे दोन मुली डावखुऱ्या आहेत, त्यांच्यासाठी काय बदलायचं?

गुण्या

त्यांचा बेंच हुक वेगळा करा: वरच्या रिपेच्या डाव्या बाजूला इंचभर मोकळं सोडा. बाकाच्या डाव्या टोकाला त्यांची जागा द्या, म्हणजे शेजारच्या उजव्या हाताच्या मुलाच्या कोपराशी टक्कर होत नाही. पाठीची करवत आणि रंधा दोन्ही हातांना सारखेच चालतात. जोडीत दोघींना एकत्र बसवा आणि पहिलं प्रात्यक्षिक त्यांच्या समोर उभं राहून करा. समोरून बघितलं की तुमचा उजवा हात त्यांच्या डाव्या बाजूला दिसतो आणि त्या तसाच उचलतात.